बाळाचं वजन झालं, आईचं काय?

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा जाते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, नाळ कोरडी आहे का बघायचं, अंगावर पितंय का विचारायचं. ही पद्धत गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत घडली आणि २०११पासून देशभर गेली. आरोग्य सहायिका म्हणून नोकरीचं आयुष्य काढलेल्या मला तिचा अभिमान आहे. माझी तक्रार आहे ती भेटीच्या फॉर्मबद्दल.

त्या फॉर्मवर आईसाठी मोजकेच रकाने असतात. ताप, घाण वासाचा स्राव, दूध, स्तनाग्रांच्या चिरा. मनाच्या आसपास जाणारा प्रश्न एकच: आई असंबद्ध बोलते का, किंवा तिला झटके येतात का? बडबडणारी, रात्री उठून बाहेर धावणारी बाळंतीण यात सापडते. भिंतीकडे तोंड करून पडलेली, बाळ रडलं तरी कूस न बदलणारी, विचारलं की "बरं आहे" म्हणणारी सापडत नाही. तिच्या रकान्यात "नाही" लिहिलं जातं आणि कागद वर जातो.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात अशा पुष्कळ जणी पाहिल्या. एक दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आईनं काही कमी केलं नव्हतं: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, धुरी, कानात कापूस, डोक्याला रुमाल. पोरगी खाईना, झोपेना. "कानात वारं गेलंय," असं आजीचं निदान, मग दृष्ट काढणं, अंगारा. बारशाला सासरचं कुणी फिरकलं नव्हतं, नवऱ्यानं फोन उचलणं बंद केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं, तेही आजी चहा टाकायला आत गेली म्हणून. "सिस्टर, हिला कुणालातरी देऊन टाका," इतकंच ती म्हणाली. तेव्हापासून मी आशांना सांगायचे, वजनाचं काम आजीच्या गळ्यात घाला, तिला बाळात गुंतवा, आणि तेवढ्यात आईजवळ बसा. आपल्या घरांत बाळंतिणीला सगळं मिळतं, एकांत तेवढा मिळत नाही.

हे एका घराचं रडगाणं नाही. गोव्यात म्हापशाच्या असिलो रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं, या गोष्टी धोका वाढवत होत्या. म्हणजे विचारपूस बाळंतपणानंतरच नाही, दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते तिथेही व्हायला हवी.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण आता निवृत्त झालेय, कुणाची भीती? सव्वा महिना झाला की बाई सासरी जाते. टाके दुखतात, नवऱ्याजवळ जायची धास्ती वाटते, पुन्हा दिवस राहतील म्हणून पोटात गोळा येतो. यातलं काही आम्ही कधी विचारलं नाही. आमचा प्रश्न ठरलेला: तांबी बसवायची का? मग ती काही महिन्यांनी "अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, गळून गेल्यासारखं होतंय," म्हणून येते आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन परत जाते. गोव्यातच २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त घट्ट दिसला. पण "तुझ्या मनाचे खेळ" म्हणून हाकलायचंही नाही. 'सर्च'च्या राणी आणि अभय बंग यांनी १९८९मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाला, आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. आधी नीट तपासा, मग दार लावून घरचं विचारा. दोन्ही एकाच दवाखान्यात, एकाच दिवशी. मानसोपचाराची वेगळी चिठ्ठी दिली की ती बाई परत दिसत नाही.

मनाच्या औषधांचा घोळ निराळाच. अंगावर पाजतेस तर गोळी बंद कर, नाहीतर गोळी घ्यायची तर दूध तोड, असं सर्रास सांगितलं जातं. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी दुधात फार कमी उतरते आणि पाजणाऱ्या आईलाही देता येते. उलट व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक, तरी मूल व्हायच्या वयातल्या मुलींच्या चिठ्ठीवर ते दिसतं. हा हिशेब मांडणारा माणूस तालुक्याला फोनवर तरी मिळाला पाहिजे.

दाखल करायची वेळ आली तरी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई-बाळासाठी खास विभाग २००९मध्ये सुरू झाला. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, या आपल्या चारही मनोरुग्णालयांत तशी सोय हवी.

बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची एडिंबराची प्रश्नावली १९८७पासून जगभर वापरात आहे. दहा प्रश्न, पाच मिनिटं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, तो विचारायला आमच्याच लोकांना भीती वाटते. विचारल्यानं तसलं काही डोक्यात येत नाही, उलट बाई मोकळी होते. फॉर्ममध्ये हे प्रश्न घाला, आशाताईला शिकवा, बाईला पाठवायचं कुठे ते लिहून द्या, आणि या कामाचा मोबदला वेगळा द्या. फुकटात तिच्यावर आणखी एक रकाना लादायचा असेल तर नका करू.

तोवर, ज्यांच्या घरी ओली बाळंतीण आहे त्यांच्यासाठी: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.