हुशार मुलाला आणखी वीस गणिते?

ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघाने तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवले. अशा यशानंतर गणितात गती असलेल्या मुलांसाठी आपल्या राज्यातही खास वर्ग हवेत, असे पालकांना वाटणे साहजिक आहे. वर्ग सुरू करणे त्या मानाने सोपे. त्या मुलांना घरी करायला काय द्यायचे, हे ठरवणे कठीण.

रूढ उत्तर एकच: इतरांना पाच गणिते, तर याला पंचवीस. दहा मिनिटांत काम उरकणाऱ्याला त्याच साच्यातली आणखी वीस मिळतात. ही हुशारीची शिक्षाच झाली. चाणाक्ष मुले मग मुद्दाम सावकाश लिहायला शिकतात.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास आणि नववीपासून दोन तास, असे सुचवले. ओझे उतरायलाच हवे. पण तासांचे माप इथे अपुरे पडते. ऑलिंपियाडमध्ये साडेचार तासांत तीनच प्रश्न असतात. पाच मिनिटांत उत्तर येण्याची सवय जडलेल्या मुलाच्या हाती तिथे पहिला तासभर काहीच लागत नाही, आणि तो तास कसा काढायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले गेले. तिचे धाकटे भावंड गृहपाठाला घ्यावे. कोणतेही तीन अंक, फक्त तिन्ही सारखे नकोत. त्यांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करायची: ५३२ उणे २३५, म्हणजे २९७. पुन्हा तेच करत गेले की ६९३, ५९४, ४९५. आणि तिथून पुढे ४९५ च. असे का? सहावीतल्या मुलाला हा एक प्रश्न आठवडाभर पुरतो. प्रत्येक वजाबाकीला ९९ ने भाग जातो, हे त्याचे त्याला दिसले की अर्धी वाट सरली.

मात्र अशी वही लाल शाईची खूण करून तपासता येत नाही. अर्धवट राहिलेले, फसलेले प्रयत्न शिक्षकाने वर्गात ऐकून घ्यावे लागतात. त्याला सवड नसेल, तर अवघड प्रश्न वडिलांकडे, शिकवणीकडे किंवा मोबाइलकडे जातो. आणि ज्या घरी मदतीला कोणीच नाही, तिथले मूल निवड परीक्षेत कितीही वर असले तरी मागे पडते. तेव्हा प्रवेशाचे निकष विचारण्याआधी पालकांनी शाळेला विचारावे, की फसलेली उत्तरे ऐकण्यासाठी आठवड्यात किती तासिका राखून ठेवल्या आहेत.