आमच्या वहीतला अल्फा

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. विषय लांडग्यांचा आहे, त्यांना व्याकरण चालतं तसं चालतं.

लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर दीड वर्षापासून एक दोनशे पानी वही फिरते. आम्ही आठजणी त्यात लांडगे होऊन लिहितो. आपल्या लांडग्याचा एक परिच्छेद लिहायचा आणि वही पुढच्या खोलीत सरकवायची. याला रोल-प्ले म्हणतात. मेसच्या मावशी याला रिकामटेकडेपणा म्हणतात. आमची गोष्ट घडते अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये, लमार नदीच्या खोऱ्यात. तेच का? तर तिथल्या लांडग्यांबद्दल वाचायला भरपूर मिळतं. १९२६ पर्यंत माणसांनी तिथले लांडगे मारून संपवले होते. मग १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून. तेव्हापासून कोण कुठे फिरलं, कोणाला किती पिल्लं झाली, याच्या नोंदी चालूच आहेत.

तर या सेमिस्टरला भांडण झालं ते नियमांवरून. एक पार्टी म्हणते, गोष्टच आहे ना, मग नियम कशाला? एम-थ्रीचे फॉर्म्युले कमी पडतात का? मी मात्र नियमांच्या बाजूची. कारण नियम नव्हते तेव्हा आठपैकी पाचजणींच्या लांडग्या पांढऱ्याशुभ्र आणि निळ्या डोळ्यांच्या होत्या! निळे डोळे फक्त पिल्लांचे असतात, काही आठवड्यांत ते पिवळे होतात. यलोस्टोनचे लांडगे बहुतेक करडे नाहीतर काळे. एकीला ऑगस्टमध्ये पिल्लं झाली. अहो, फेब्रुवारीत जोडी जमते, साधारण ६३ दिवसांनी म्हणजे एप्रिलमध्ये पिल्लं. एकीचा मोडलेला पाय दोन परिच्छेदांत बरा झाला. एकीने तर एकटीने नर एल्क पाडला, जेवणाआधी. एल्कचा नर तीनशे किलोच्या पुढे, लांडगा पन्नासच्या आसपास. एक लाथ बसली तर बरगड्या गेल्या. बहुतेक वेळा शिकार निसटून जाते आणि सगळे उपाशी झोपतात. ही भूकच काढून टाकली तर पुढच्या खोलीतल्या मुलीने वाट कशाची बघायची?

इथपर्यंत मी शहाणी. आता खरं काय ते सांगते.

वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात एक नियम होता : कळपात एक अल्फा, तो सांगेल ते सगळ्यांनी करायचं, सगळ्यात खाली ओमेगा, तो शेवटी खाणार, मार खाणार, पाठीवर लोळण घेणार. खाली कंसात, 'लांडग्यांमध्ये असंच असतं'. अक्षर माझं. अल्फा कोण? मीच. आणि ओमेगा, फर्स्ट इयरची नवीन आलेली मुलगी. तिने निवडलं नव्हतं, आम्ही दिलं. तीन आठवडे ती बिचारी लोळण घेत लिहीत राहिली. आम्ही हसायचो. चौथ्या आठवड्यात तिच्या खोलीतून वही कोरी परत आली.

मी विचारायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या मामाच्या मेंढरांमागे लांडगे येतात. आई, बाप आणि त्यांची पोरं असतात ती. कोण कोणाला लोळवत बसत नाही."

ती सोलापूरकडची. मला राग आला, खोटं कशाला सांगू. तिला खोटं पाडायला म्हणून मी वाचायला बसले.

१९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांच्या चढाओढीवर लिहिलं, ते प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे बघून. म्हणजे अनोळखी प्राणी एका कुंपणात. पळून जायला जागा नाही, मग मारामारी होणारच. १९७० मध्ये एका अमेरिकन संशोधकाच्या पुस्तकाने 'अल्फा' घराघरात पोचवला. त्यांचं आडनाव मीच! (चेष्टा नाही, डेव्हिड मीच.) पुढे त्यांनी आर्क्टिकमधल्या एल्समिअर बेटावर रानातला कळप वर्षानुवर्षे जवळून पाहिला आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की साधारण कळप म्हणजे कुटुंब, आणि अल्फा म्हणजे आई-बाप. पोरं मोठी झाली की बहुतेक घर सोडून जातात. स्वतःचं गाजलेलं पुस्तक छापणं थांबवा, असंही त्यांनी प्रकाशकाला सांगितलं. आमच्या पहिल्या पानाचा मी तेवढ्याच सहजपणे कागद फाडला, असं मात्र नाही. दोन दिवस लागले.

माझ्या पार्टनरने लगेच ४० नंबरची मादी काढली. खरंय, यलोस्टोनच्या ड्रुइड कळपात ४० ही बाकीच्या माद्यांना फार छळायची. पण २००० मध्ये ती जखमांनी मेली, आणि तिच्याच कळपातल्या माद्यांनी हल्ला केला असावा असं अभ्यासक मानतात. नंतर तिची पिल्लं तिच्या बहिणीने, ४२ नंबरने, आपल्या पिल्लांबरोबर वाढवली. ही गोष्ट अल्फाच्या बाजूची की विरुद्ध, तुम्हीच ठरवा.

अँटी-रॅगिंगच्या फॉर्मवर आम्ही दरवर्षी सही करतो. वहीत लांडगा होऊन लिहिलं की सही लागत नाही, हे आमच्या लक्षातच आलं नाही. की आलं होतं?

आता नवीन पहिलं पान आहे. भांडण लिहायचं तर कारण लिहायचं : परका कळप, भूक, फेब्रुवारी. कोणाचा लांडगा कोण होणार हे तिचं तिने ठरवायचं. ती मुलगी परत आली, पण आमच्या कळपात नाही. तिची दोन वर्षांची मादी घर सोडून एकटीच निघालीये, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांत आधी तिचंच पान वाचलं जातं. पुढची वही नान्नजच्या माळरानावरची करायची असं तिचं म्हणणं आहे. तिकडचे लांडगे सडपातळ, पिल्लं हिवाळ्यात, आणि गोष्टीत धनगर आलाच. ते नियम तीच लिहिणार.

वहीत सध्या मार्च चालू आहे. कोणाला यायचं असेल तर एप्रिलमध्ये पिल्लू म्हणून या. पहिले दोन आठवडे डोळे मिटलेले असतात, फार लिहावं लागत नाही.