सामना बघायला जाताय? आधी पोटाचं बघा

मैत्रिणींनो, कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम रंगला की आपल्याकडची पोरं आणि त्यांचे बापसुद्धा सुट्टीच्या दिवशी सकाळीच गाडी पकडतात. आपण मात्र डबा बांधून देऊन मोकळ्या! मी म्हणते, यंदा डबा बांधायचाच नाही. आपणही जायचं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि उंब्रजहून कोल्हापूर तरी असं कितीसं लांब?

राजर्षी शाहू स्टेडियमवर बायका मोजक्याच दिसतात. त्याचं एक कारण माझ्या मते अगदी साधं आहे. दिवसभर बाहेर राहायचं तर खायचं कुठे, बसायचं कुठे, हेच आपल्याला कुणी सांगत नाही. पुरुषांचं काय, उभ्या उभ्या वडापाव खाल्ला की झालं.

सकाळी दहाच्या आत पोचलात तर सरळ उद्यमनगरात फडतरेंची मिसळ गाठा. उशीर केलात तर रांगेत पाय दुखतील. मटकी, फरसाण, कांदा, कोथिंबीर, वर झणझणीत कट आणि बरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड, ही तिकडची रीत. मुलं बरोबर असतील तर कट वेगळा मागा आणि दही घ्या. टेबलाशी बसून, दुसऱ्यानं आणून वाढलेलं गरम गरम खायचं, हे सुख आपल्या वाट्याला किती वेळा येतं हो?

तांबडा-पांढरा खायचा असेल तर मग मिसळ नको. दोन्ही एका दिवसात झेपत नाही, आणि सामने बहुधा दुपारचे असतात. भरल्या पोटी उन्हात बसणं म्हणजे शिक्षाच. बाराच्या सुमारास मटणाचं ताट घ्या. पांढरा रस्सा आधी प्यायचा. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचं वाटण. पोटाला तो सोसतो. तांबडा मात्र बेतानं.

फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातही काहीशी अशीच रीत आहे म्हणे. कोळ्यांनी न खपलेल्या मासळीचा रस्सा केला, तो आज तिथला मानाचा पदार्थ झालाय. रस्सा वेगळा, मासे वेगळे! पण त्याच शहरात 2016 च्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेत इंग्लंड आणि रशियाच्या पाठीराख्यांनी रस्त्यावर मारामाऱ्या केल्या. कित्येकांच्या पोटात भरपूर दारू होती. कोल्हापुरातही पेठापेठांची ईर्ष्या काही कमी नाही आणि हाणामाऱ्या तिथंही झाल्यात. म्हणूनच पोरं सामन्यानंतर कुठे बसतात, काय पितात, हे आपण बरोबर असलो तर आपोआप कळतं. विचारावं लागत नाही.

आणि प्यायला कोल्हापुरात दूध आहे की! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉल संघांची नावं ऐकलीत ना? नाव आखाड्याचं, खेळ चेंडूचा. पैलवानांच्या त्या शहरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून समोरच धार काढून देतात. फेसाळ पेला बघूनच पोरं गप्प होतात. लहानग्यांना आणि ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांना मात्र देऊ नका. त्यांच्यासाठी कॉकटेल आहे. दचकू नका, नुसती फळं आणि आइसक्रीम असतं त्यात!

वेळ थोडा असेल तर खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं कुस्तीचं मैदानही तिथंच आहे, तेही मुलांना दाखवून घ्या.

पाण्याच्या बाटल्या, टोपी आणि सुटे पैसे जवळ हवेतच. स्वच्छतागृहाचं मात्र मैदानावर भरवसा ठेवण्यापेक्षा जेवणाच्या ठिकाणीच उरकून घ्यावं. परतीच्या गाडीची वेळ सकाळी स्टँडवर उतरल्याबरोबर विचारून ठेवा. शेवटचा गोल होईपर्यंत आपली मंडळी जागची हलत नाहीत!

घरी पोचायला रात्र होईल. स्वयंपाकाची चिंता नको, पोटं भरलेलीच असतात. फार तर घोटभर ताक मागतील, तेवढं विरजण सकाळी निघताना लावून जा.