फ्रीज बिघडला, आणि दोष बाईचा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत एक मैत्रीण गप्पच होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, फ्रीज थंड होत नाही. दूध नासलं. सासूबाईंच्या इन्शुलिनचं काय करू? आणि घरात सगळे म्हणतात, तूच सारखं दार उघडतेस."

मेकॅनिक येऊन गेला होता. तिच्याशी एक शब्द न बोलता त्याने तिच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, "गॅस संपलाय, अडीच हजार लागतील."

मी तिच्याबरोबर घरी गेले. 'मशीनमधलं आपल्याला काय कळतं' असं मीही एम.एस.डब्ल्यू. होऊन वर्षानुवर्षं म्हणत आले होते. माझा स्वतःचा फ्रीज बिघडला तेव्हा मेकॅनिकच्या शेजारी उभी राहून एकेक प्रश्न विचारला, तेवढंच माझं शिक्षण.

तिचा फ्रीज भिंतीला चिकटलेला होता. मागची काळी जाळी धुळीने माखलेली. आतली उष्णता या जाळीतून बाहेर पडते. ती कोंडली तर फ्रीज गार होणार कसा? आम्ही प्लग काढला, ब्रशने जाळी साफ केली आणि फ्रीज वीतभर पुढे ओढला. मग दारात कागदाचा कपटा धरून दार लावलं. एका कोपऱ्यात तो अलगद निघून आला, म्हणजे रबर सैल होतं. ते साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं. फ्रीझरमध्ये दोन बोटं बर्फ साचला होता. तो आपोआप वितळू दिला. सुरीने खरवडला तर आतली नळी फुटते आणि मग गॅस खरोखरच जातो.

दुसऱ्या दिवशी फ्रीज थंड होता.

मैत्रिणींनो, फ्रीजमधला गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून गॅस भरण्याआधी विचारायचं, "गळती कुठे आहे, दाखवा."

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वरचा कप्पा थंड आणि खालचा कोमट असेल, तर आधी हवेच्या जाळीसमोरचे डबे हलवून बघा. तरीही फरक पडला नाही, किंवा कॉम्प्रेसर 'टक्' आवाज करून पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर मेकॅनिक हवाच. गॅसच्या नळ्यांना आपण हात लावायचा नाही. आजच्या अनेक फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो.

इन्शुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. गोठलेलं इन्शुलिन वापरायचं नाही. फ्रीज बंद पडला असेल, तर आतलं इन्शुलिन चालेल की नाही हे डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारूनच ठरवा. एक साधा थर्मामीटर आत ठेवला तर 'दार कोण उघडतं' हा वादच मिटतो.

प्रश्न फक्त यंत्राचा नाही. फ्रीज 'बाईची सोय' म्हणून घरात येतो, पण वॉरंटीचं कार्ड नवऱ्याच्या कपाटात असतं. नासलेल्या दुधाचा जाब तिला द्यावा लागतो आणि दुरुस्तीचं तिला कुणी विचारतही नाही. अज्ञानामुळे अडीच हजार जातात, त्याहून जास्त तिचा शब्द जातो.

मात्र जाळी पुसणं हे बाईच्या कामांच्या यादीत आणखी एक काम म्हणून घालू नका. ब्रश घरातल्या कुणाच्याही हातात शोभतो.

पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवू या. आपल्या मुलींना सांगू या की आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम त्यांच्यासाठीही खुला आहे. आणि मेकॅनिक दारात उभा राहून "साहेब आहेत का?" म्हणाला, तर म्हणू या, "मी आहे ना. काय बिघडलंय ते मला सांगा."