एकच होडी, तीन शिडं



परवा धानोऱ्याहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, ‘टीव्हीवर शिडाच्या होड्यांची शर्यत पाहिली. होडीत एकटी मुलगी होती! पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात समुद्रच नाही. म्हणजे हा खेळ आमच्यासाठी नाहीच ना?’

थांब! उत्तर देतो. आधी त्या होडीची गोष्ट तर ऐक.

१९६९ साली कॅनडातल्या इयान ब्रूस यांनी आपले मित्र ब्रूस कर्बी यांना फोन केला. त्यांना मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी छोटीशी होडी हवी होती. बोलता बोलताच कर्बींनी कागदावर रेघोट्या ओढल्या आणि होडीचा आकार तयार झाला! ऑक्टोबर १९७० मध्ये ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली. कुठे, माहीत आहे? अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावी. समुद्रापासून कितीतरी दूर, एका तळ्याकाठी!

या होडीचं नाव पडलं ‘लेसर’. आता तिला आयएलसीए म्हणतात. लांबी साधारण सव्वाचार मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन सुमारे ५९ किलो. एक शीड, एक सुकाणू आणि चालवणारा एकटाच. सदऱ्याच्या बाहीत हात घालावा तशी शिडाला शिवलेल्या बाहीत डोलकाठी घालायची, की झालं!

शर्यतीत सगळ्यांच्या होड्या अगदी सारख्या असतात. त्यामुळे ‘त्याची होडी महागाची होती’ असं कुणाला म्हणता येत नाही. वारा ज्याला नीट वाचता येतो, तो पुढे जातो.

पण एक अडचण होती. वारा शिडाला ढकलतो, तशी होडी एका बाजूला कलते. मग खलाशी पट्ट्यात पाय अडकवून दुसऱ्या बाजूला बाहेर झुकतो आणि आपल्या वजनानं तोल सांभाळतो. आता सांगा, ८० किलोच्या दादाचं शीड ४५ किलोच्या ताईला कसं आवरणार? जोराचा वारा आला, की होडी उलटीच!

यावरची युक्ती मोठी छान आहे. होडी बदलायचीच नाही. डोलकाठी दोन तुकड्यांची असते. वरचा तुकडा तोच ठेवायचा, फक्त खालचा तुकडा आणि शीड बदलायचं. मोठं शीड सुमारे ७ चौरस मीटरचं, ती आयएलसीए-७. मधलं पावणेसहाचं, ती आयएलसीए-६. सर्वांत लहान ४.७ चौरस मीटरचं, ती आयएलसीए-४. हिच्या काठीचा खालचा तुकडा तर आखूड आणि किंचित मागे वाकवलेला असतो. अंगापेक्षा सदरा मोठा झाला, तर आपण सदरा बदलतो ना? तसंच!

या तिन्ही शिडांखाली भारतीय खेळाडूंनी नाव काढलं आहे. आयएलसीए-६ म्हणजेच तेव्हाच्या ‘लेसर रेडियल’मधून नेत्रा कुमानन ऑलिंपिकसाठी पात्र ठरणारी भारताची पहिली महिला शीडपटू झाली. टोकियोचं ते ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं. लष्करातल्या विष्णू सरवणननं २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आयएलसीए-७ मध्ये ब्राँझपदक मिळवलं. लष्कराचं शीडनौकांचं प्रशिक्षण केंद्र आपल्या मुंबईतच आहे.

आणि आयएलसीए-४? धानोऱ्याच्या मैत्रिणी, हे खास तुझ्यासाठी. त्याच स्पर्धेत नेहा ठाकूर या १७ वर्षांच्या मुलीनं त्यात रौप्यपदक जिंकलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. त्या राज्याला समुद्रकिनारा आहे का? नकाशा काढून बघ! ती शिकली भोपाळच्या शाळेत. सराव कुठे, तर तिथल्या मोठ्या तलावात.

तिचे गुणही गमतीचे आहेत. या खेळात पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २. म्हणजे जितके कमी, तितके चांगले. ११ शर्यतींत तिचे ३२ गुण झाले. सर्वांत वाईट शर्यतीचे ५ गुण वजा करतात. उरले २७. एक चूक माफ! आपल्या परीक्षेत असं असतं तर?

करून पाहा : थर्मोकोलचा २० सेंटिमीटर लांब तुकडा घ्या. त्यात काडी रोवून पोस्टकार्डाचं छोटं शीड तिरकं लावा. पाण्याच्या टबात सोडा आणि बाजूनं वारा घाला. होडी आडवीच सरकेल. आता बुडाला लांबीच्या दिशेनं चीर पाडून १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी उभी खोचा. पुन्हा वारा घाला. आता ती आडवी कमी सरकेल आणि पुढे जाऊ लागेल! खऱ्या होडीच्या मध्यावरही पाण्यात अशीच फळी उतरवलेली असते. चीर पाडायला मोठ्यांची मदत घ्या.

आणि हो, तापीच्या किंवा धरणाच्या पाण्यात एकट्यानं होडी घालायची नाही हं! आधी पोहणं, मग जीवरक्षक जाकीट, मग शिकवणारे गुरू. नेहाही याच क्रमानं शिकली असणार.

तेव्हा, मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : समुद्र नसला तरी चालेल. पाणी हवं, वारा हवा आणि आपल्या मापाचं शीड हवं.