लिंब म्हणून लावलं, निघालं बकाण! रोप घेण्याआधी पान बघा

पहिला पाऊस झाला की गावोगाव रोपांच्या गाड्या फिरायला लागतात. चार वर्षांपूर्वी मीही बांधावर लावायला चाळीस रोपं आणली. देणाऱ्याने कडुलिंब म्हणूनच दिली होती. तिसऱ्या वर्षी झाडांना जांभळा फुलोरा आला तेव्हा कळलं, हे बकाण आहे. कोणी बकाण निंब म्हणतं, कोणी महानिंब.

ओळखायचं कसं?

कडुलिंबाच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी सरळ पानं असतात. बकाणाच्या काडीला आधी उपकाड्या फुटतात, मग त्यावर पानं. कडुलिंबाचं फूल पांढरं, बकाणाचं जांभळट. निंबोळी लांबट असते आणि पिकली की गळते. बकाणाचं फळ गोल, आणि पानं झडली तरी पिवळे घोस झाडावर लटकत राहतात.

झाड वाईट नाही, पण...

बकाण हे आपल्याच मुलखातलं झाड. झपाट्याने वाढतं, कमी पाण्यात तगतं, सावली देतं. लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. पंजाबात याला डेक म्हणतात आणि तिथले शेतकरी ते लाकडासाठी लावतात. बियांच्या माळा जुन्या काळापासून होतात.

पण फळ विषारी आहे. डुकरांना सर्वांत जास्त बाधतं, कुत्र्यांना आणि लहान मुलांनाही धोका असतो. शेळ्या-जनावरांनी जास्त खाल्लं तर त्यांनाही त्रास होतो. पाखरं मात्र फळं खातात आणि बी लांबवर टाकतात.

परदेशात काय झालं?

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे झाड अमेरिकेत शोभेसाठी नेलं. दक्षिणेकडच्या राज्यांत लोकांनी घरापुढं सावलीला लावलं. आज टेक्सास, फ्लोरिडात ते आक्रमक झाड म्हणून गणलं जातं. दक्षिण आफ्रिकेत तर कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे. नदीकाठ, रस्त्याच्या कडा, पडीक रानं त्याने व्यापली आणि तिथली मूळची झाडं मागं पडली. तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं.

म्हणजे ज्या गुणांसाठी आपण झाड निवडतो, तेच गुण तिकडं नडले. लवकर वाढ, भरपूर बी, कुठंही रुजणं. आपल्याला हे नवीन नाही. सुबाभूळ चारा म्हणून आली, आता एका झाडाखाली शेकडो रोपं उगवतात. वेडी बाभूळ जळणासाठी बरी वाटली. शेंगा जनावरांनी खाल्ल्या, शेणातून बी गायरानभर झालं. आता ती काढायला जेसीबी लावावा लागतो.

आकडा मोजला, जात कोण बघणार?

२०१९ मध्ये राज्यात एका वर्षात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. अशा मोहिमेत रोपं किती लागली हे विचारलं जातं. कोणतं रोप कुठं लागलं, याची चर्चा गावात फार होत नाही. नुकसान मात्र शेतकऱ्याचं होतं. मी निंबोळ्यांच्या आशेने बांध अडवला. पाच टक्के निंबोळी अर्काला पाच किलो निंबोळ्या लागतात, त्या आजही दुसऱ्याच्या झाडाखालून वेचतो. बकाणाची फळं त्यात चालत नाहीत, शिफारस कडुलिंबाचीच आहे.

मग करायचं काय?

• रोप घेताना पान बघा. ग्रामपंचायतीत रोपं आली तर यादीत जातीचं नाव लिहून मागा.
• बकाण लावायचंच असेल तर लाकडासाठी, शेताच्या कडेला लावा. गोठा, शाळा, अंगणवाडी आणि ओढ्याचा काठ टाळा.
• फळांचे घोस पिकण्याआधी छाटा. खाली उगवलेली रोपं लहान असतानाच उपटा.
• जनावराने फळं खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मुलाने खाल्ली तर थेट डॉक्टरकडे न्या.

माझ्या चाळीसपैकी गोठ्याजवळची अकरा मी तोडली. बुंध्यातून फुटवे आलेच, ते अजून छाटतोय. बाकीची लाकडासाठी ठेवली आहेत. रोप हातात घेतलं तेव्हा एक मिनिट पान बघितलं असतं, तर हे चार वर्षांचं काम वाचलं असतं.