वाळूखालचीं पाउलें

स्पेन देशाच्या नैर्ऋत्येस, वेल्वा प्रांतांत, अटलांटिक महासागराच्या कांठीं मातालास्कान्यास नांवाची एक वस्ती आहे. उन्हाळ्यांत सेव्हिलकडील मंडळी तेथें समुद्रस्नानासाठीं लोटतात. त्या गर्दींत आमच्यासारख्या वृद्धानें जाऊन पाहावें असें कांहीं नाहीं. परंतु वस्ती मागें टाकून पश्चिमेकडे चालूं लागलें कीं देखावा साफ पालटतो. एका हातास अखंड गर्जणारा महासागर, दुसऱ्या हातास तांबूस-पिंवळ्या वाळूचे उभे कडे, आणि मध्यें दृष्टि पोंचेल तोंवर निर्मनुष्य पुळण. माडांच्या बनांनीं आणि होड्यांच्या वर्दळीनें कोंकणच्या किनाऱ्यास जें घरगुतीपण येतें त्याचा येथें लवलेशहि नाहीं. हे कडे प्राचीन वाळूच्या टेंकड्यांचे बनलेले असून वाऱ्यानें व लाटांनीं सतत झिजत असतात. पूर्वेच्या बाजूस दोन्यानाचें प्रसिद्ध अरण्य पसरलें आहे. तें १९६९ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९९४ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें.

या पुळणीवर २०२० सालच्या जून महिन्यांत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. वादळी लाटांनीं किनाऱ्यावरची वाळू ओढून नेली होती, आणि एरवीं तिच्याखालीं दडून राहणारा, चिखलाचा घट्ट होऊन बनलेला एक जुना थर उघडा पडला होता. दोन जीवशास्त्रज्ञ स्त्रियांच्या दृष्टीस त्यावरील ठसे पडले. प्रथम ते पशूंचे म्हणून ओळखले गेले. हत्ती, रानबैल, हरणें, रानडुकरें, सर्वांनीं त्या चिखलांत आपली हजेरी लावून ठेविली होती. पुढें वेल्वा विद्यापीठांतील एदुआर्दो मायोराल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारकाईनें पाहणी केली, तेव्हां त्या पशूंच्या गर्दींत माणसांचींहि पाउलें निघालीं. सत्त्याऐशीं पाउलें! त्यांचा वृत्तान्त २०२१ सालीं प्रसिद्ध झाला.

माणसाच्या पायाची लांबी त्याच्या उंचीच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी असते. त्या हिशेबानें विद्वानांनीं अंदाज बांधला कीं, हीं पाउलें छत्तीस जणांचीं असावीं, व त्यांत अकरा मुलें असावीं. दोघे तर जेमतेम सहा वर्षांचे. मोठ्यांचीं पाउलें पाणथळाच्या कडेकडेनें गेलेलीं आहेत. पाणी प्यावयास येणाऱ्या जनावरांच्या पाळतीवर किंवा पाणपक्ष्यांच्या शोधांत तीं माणसें आलीं असावींत. मुलांचीं मात्र एका ठिकाणीं नुसता गोंधळ घालून ठेविलेलीं. कोणतीहि दिशा नाहीं, रांग नाहीं. चिखल दिसला कीं पोर त्यांत नाचावयाचेंच, हें जाणण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाहीं. पण त्या वृत्तान्तांतहि मुलें खेळत असावींत असेंच सुचविलें आहे, याचें आम्हांस समाधान वाटलें.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त सेव्हिल येथें असतात. त्यांच्याकडे गेलों असतां आम्हीं हट्टानें हा किनारा पाहून घेतला. सूनबाईंनीं दशम्या बांधून घेतल्या होत्या, आणि सात वर्षांची नात आमचें बोट धरून चालली होती. जागेवर पोंचलों, आणि पाहतों तों काय? नुसती वाळू! समुद्रानें नेलेली वाळू परत आणून घातली होती व तो थर पुन्हां झांकून टाकिला होता. नातीनें विचारिलें, “आजोबा, पाउलें कुठें आहेत?” आम्हीं म्हटलें, “बाळ, तूं जेथें उभी आहेस त्याच्याखालीं कोठें तरी.” तिनें लगोलग पाय उचलून घेतला. मग जोडे काढून, ओल्या वाळूंत तिनें आपलींच पाउलें उमटवावयास आरंभ केला, आणि दहा मिनिटांत त्या भागाची दशा अशी झाली कीं, कोणा पंडितानें ती मोजली असती तर त्यास तेथें निदान पांच मुलें आढळलीं असतीं.

ही थट्टा झाली. परंतु ठशांवरून माणसें मोजणें किती नाजूक काम आहे हें यांत दिसून येतें, आणि मोजणाऱ्यांनींहि हा आंकडा अंदाज म्हणूनच दिला आहे. याहूनहि नाजूक काम काळ मोजण्याचें. पहिल्या वृत्तान्तांत या पाउलांचें वय सुमारें एक लक्ष सहा हजार वर्षें सांगितलें होतें. त्या काळीं युरोपांत नीआंडरथाल नांवाची मानवजाति नांदत होती. म्हणून पाउलें त्यांचीं, असें ठरलें, आणि वृत्तपत्रांनीं तें जगभर गाजविलें. हा आंकडा त्या कड्यांच्या थरांचें जें कालमापन पूर्वीं झालें होतें त्याच्या आधारें घेतलेला होता. पुढें त्याच मंडळींनीं नवे नमुने घेऊन तपासणी केली, आणि २०२२ सालीं स्वतःच जाहीर केलें कीं, पाउलें सुमारें दोन लक्ष पंचाण्णव हजार वर्षांचीं आहेत. म्हणजे वय जवळजवळ तिप्पट झालें! नीआंडरथालांचें निश्चित नांवहि मग तितक्या ठामपणें घेतां येईना. त्यांचे पूर्वज, किंवा त्यांच्या आधींची दुसरी एखादी जाति, हाहि विचार करणें प्राप्त झालें.

हें मापन कसें करितात तें थोडक्यांत सांगतों. गारगोटीचे बारीक कण जमिनींत पुरले गेले म्हणजे भोंवतालच्या मातींतील किरणोत्सर्गी द्रव्यांची शक्ति त्यांत थेंब थेंब सांचत जाते. कण सूर्यप्रकाशांत आला कीं तो सांठा रिता होतो. पुन्हां पुरला गेला कीं पहिल्यापासून सांचूं लागतो. प्रयोगशाळेंत अंधाऱ्या खोलींत त्या कणावर ठराविक प्रकाश पाडला असतां तो सांचलेली शक्ति मंद उजेडाच्या रूपानें बाहेर टाकतो. किती सांचलें आणि वर्षास किती सांचतें हें कळलें कीं, शेवटचा सूर्य त्या कणानें केव्हां पाहिला तें त्रैराशिकानें निघतें. नमुना कोणत्या थराचा, व तो घेतांना त्यास ऊन लागलें कीं काय, यावर सर्व भिस्त.

आतां आमच्या परिचयांतील एक गृहस्थ ही हकीकत ऐकून म्हणाले, “पाहा! आज एक लक्ष, उद्यां तीन लक्ष. या लोकांच्या बोलण्यावर विश्वास तो काय ठेवावा?” घरोघरीं असें बोलणें ऐकूं येतें, म्हणून त्याचा समाचार घेणें अवश्य आहे. हा आक्षेप नवा नाहीं. न्यायसूत्रांत तो पूर्वपक्ष म्हणून येऊन गेला आहे. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानास नैयायिक ‘शेषवत्’ म्हणतात. नदी भरून वाहूं लागलेली पाहून वर पाऊस पडला असें जाणणें, हें त्याचें भाष्यकार वात्स्यायनांनीं दिलेलें उदाहरण. यावर आक्षेपक म्हणतो: पाणी कोठें अडल्यानेंहि नदी फुगते, तेव्हां अनुमान हें प्रमाणच नव्हे. उत्तर असें कीं, अडलेल्या पाण्यानें फुगलेली नदी निराळी आणि पावसानें आलेला पूर निराळा. पुराचा वेग, त्यावरचा फेंस, वाहून येणारीं फळें, पानें व लांकडें हीं पाहावयास नकोत काय? तीं न पाहतां कोणी अनुमान केलें तर दोष त्या पाहणाराचा, अनुमानाचा नव्हे.

मायोराल यांच्या मंडळींनीं दुसऱ्या खेपेस हेंच केलें. त्यांस कोणी प्रतिपक्ष्यानें पकडलें नव्हतें. पहिला आंकडा जगांत मान्य झालेला, कीर्ति पदरांत पडलेली. तरी नमुने नव्यानें घेतले, आणि मागील आंकडा मागें घेतला. आणि त्या गृहस्थांस आमचें एवढेंच सांगणें कीं, बदललें तें वय. चिखल, पाणथळ, मोठ्यांची वाट आणि पोरांचा धुडगूस यांतील एकहि गोष्ट बदललेली नाहीं.

हत्तींच्या ठशांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ते सरळ सुळ्यांच्या एका नामशेष जातीचे असून त्यांत अगदीं लहानाचा व्यास साडेनऊ सेंटिमीटरांच्या आसपास आणि सर्वांत मोठ्याचा साडेचोपन्न सेंटिमीटर भरला. आपल्या इकडे हत्तीच्या पुढल्या पायाच्या घेराची दुप्पट म्हणजे त्याची खांद्यापर्यंत उंची, असा ठोकळ नियम रूढ आहे. तो लावून पाहिला तर मोठा हत्ती अकरा फुटांहून उंच, आणि पिलूं अवघें दोन फुटांचें निघतें. विद्वानांनीं निराळ्या रीतीनें हिशेब करून तें पिलूं नुकतेंच जन्मलेलें ठरविलें आहे. पिलांचे ठसे पुष्कळ, त्यांच्याजवळ माद्यांचे; यावरून हत्तिणी या पाणथळीं पिलांस घेऊन राहात असाव्यात असें त्यांचें मत पडलें. याच कुळांतील नर्मदेच्या हत्तीचीं हाडें आपल्याकडे नर्मदेच्या व गोदावरीच्या जुन्या गाळांत सांपडलेलीं आहेत. नाशिकजवळील नांदूर मधमेश्वरचें नांव त्या संबंधांत जुन्या भूशास्त्रीय लेखांतून आढळतें. येवढ्या दूरच्या किनाऱ्यावर आपल्या गोदाकांठचे भाऊबंद भेटावे, याचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

ज्या समुद्रानें हा थर उघडा केला तोच त्यास खातहि आहे. वाळूखालीं असेतों पाउलें सुरक्षित. उघडीं पडलीं कीं प्रत्येक भरतीबरोबर त्यांची कड झिजते. म्हणून उघडीं होतीं तेव्हांच त्यांचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घेऊन त्यांवरून हुबेहूब आकृति करून ठेविल्या आहेत. आपल्यापैकीं कोणाचें मुलाबाळांकडे त्या बाजूस जाणें झालें तर उन्हाळा टाळावा, हिंवाळ्यांतल्या वादळानंतरची ओहोटी साधावी, आणि कड्याच्या अगदीं पायथ्याशीं बसूं नये, कारण वरून वाळू ढांसळते. दशम्या बरोबर असाव्या. त्या सांऱ्या पुळणीवर खावयास कांहीं मिळत नाहीं.